जरीपटक्यातील प्रतीक्षा : दीर्घ मुदतीच्या व्हिसापासून नागरिकत्वापर्यंत

नागपूर : फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी उत्तर नागपुरात जरीपटका ही वसाहत उभी केली. नाव ऐकताच मराठी माणसाला मराठ्यांच्या ध्वजाची आठवण व्हावी. वस्तीतील दुकानांच्या पाट्यांवर आणि घरांतील बोलण्यात मात्र सिंधी भाषेचा ठसा आहे. या वस्तीत आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या खामल्यात आजही अशी कुटुंबे राहतात, ज्यांचे आजोबा भारताचे नागरिक होण्याच्या प्रतीक्षेत वारले, वडील त्याच प्रतीक्षेत आहेत आणि नागपुरातच जन्मलेला नातू कागदोपत्री परदेशी आहे. पाकिस्तानातून, मुख्यतः सिंध प्रांतातून, गेल्या काही दशकांत आलेली ही हिंदू सिंधी कुटुंबे होत. पहलगाम येथील हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात ५,०२३ पाकिस्तानी नागरिक होते. त्यांपैकी २,४५८ जण, म्हणजे जवळजवळ निम्मे, एकट्या नागपुरात होते. मुंबईचा किंवा ठाण्याचा आकडा याच्या जवळपासही नव्हता.

या माणसांना नागरिकत्व मिळण्यास किती वेळ लागतो, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. अर्जदार कोणत्या तारखेला आला, त्याच्या आई-वडिलांचा जन्म केव्हा झाला, तो कोणत्या जिल्ह्यात राहतो आणि त्याच्या परवान्याला मध्येच खंड पडला का, या चार गोष्टींवर उत्तर बदलते. कायद्यात लिहिलेली वर्षे हा या प्रतीक्षेचा केवळ पहिला भाग असतो.

सहा महिन्यांपासून बारा वर्षांपर्यंत

जरीपटक्याच्या पहिल्या रहिवाशांना हा प्रश्न फारसा पडला नाही. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानुसार १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन येथे राहिलेली व्यक्ती आपोआप नागरिक ठरली. तिचा किंवा तिच्या आई-वडिलांपैकी अथवा आजी-आजोबांपैकी कोणा एकाचा जन्म अखंड भारतात झालेला असावा, एवढीच अट होती. १९ जुलै ही तारीख आली ती परवाना पद्धतीमुळे. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांवर नियंत्रण ठेवणारा वटहुकूम त्याच दिवशी निघाला होता. त्यानंतर आलेल्यांना सहा महिन्यांचे वास्तव्य दाखवून अधिकाऱ्यापुढे नोंदणी करावी लागे. नागरिकत्व कायदा १९५५ मध्ये आला तेव्हाही भारतीय वंशाच्या व्यक्तीला नोंदणीसाठी सहा महिन्यांचेच वास्तव्य पुरेसे होते.

पुढे मुदत वाढत गेली. १९८६ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची पाच वर्षे झाली. २००३ मध्ये संमत झालेल्या आणि ३ डिसेंबर २००४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने पाचाची सात झाली. ज्यांना भारतीय वंशाच्या आधारे नोंदणी करता येत नाही, त्यांच्यासाठी देशीयकरणाचा, म्हणजे 'नॅचरलायझेशन'चा, मार्ग असतो. तेथे मूळची पाच वर्षांची अट आधी दहावर आणि मग बारावर गेली. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी एकूण अकरा वर्षे भारतात काढलेली असली पाहिजेत, असा हा हिशेब आहे. या दुरुस्त्या होत असताना डोळ्यांसमोर मुख्यतः पूर्वेकडील सीमेवरून होणारे स्थलांतर होते. फटका मात्र हजार किलोमीटर दूर असलेल्या नागपूरच्या गल्ल्यांनाही बसला.

सात वर्षे कोणाला आणि बारा कोणाला, हे ठरते ते 'भारतीय वंश' या शब्दांच्या व्याख्येवर. नोंदणीच्या कलमात ही व्याख्या घटनेतल्यापेक्षा आखूड आहे. अर्जदाराचा स्वतःचा किंवा त्याच्या आई-वडिलांपैकी एकाचा जन्म अखंड भारतात झालेला असावा, असे ती म्हणते. आजी-आजोबांचा उल्लेख तेथे नाही. अखंड भारत १४ ऑगस्ट १९४७ पर्यंतच होता. समजा, एकाच घरातील दोन भाऊ सक्करला जन्मले, थोरला १९४६ मध्ये आणि धाकटा १९४९ मध्ये, आणि दोघांच्याही पत्नी फाळणीनंतर जन्मलेल्या. दोघांचे मुलगे एकाच दिवशी, एकाच गाडीने नागपुरात आले. थोरल्याच्या मुलाला सात वर्षांनी अर्ज करता येईल. धाकट्याच्या मुलाला बारा वर्षे थांबावे लागेल. आणि दोघांच्या नातवंडांपैकी कोणीच या व्याख्येत बसणार नाही. म्हणजे कायद्यात एका अक्षराचाही बदल न करता, केवळ दिनदर्शिकेची पाने उलटत गेल्याने, दर पिढीगणिक प्रतीक्षा लांबत गेली आहे. यावर सार्वजनिक चर्चा जवळजवळ झालेलीच नाही.

व्हिसाचा धागा तुटता कामा नये

पाकिस्तानी नागरिकाला मिळणारा साधा व्हिसा ठरावीक शहरांपुरता आणि अल्प मुदतीचा असतो. आल्यावर चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करावी लागते. समझोता एक्स्प्रेस आणि २००६ पासून मुनाबाव-खोकरापार मार्गे धावणारी थार एक्स्प्रेस ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडेपर्यंत बहुतेक कुटुंबे रेल्वेने किंवा अटारी-वाघा सीमेवरून येत. नातेवाइकांची भेट वा तीर्थयात्रा हे व्हिसाचे कारण असे. येथे राहायचे ठरले की दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी, सरकारी भाषेत 'एलटीव्ही'साठी, अर्ज करावा लागतो. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिश्चन या समुदायांना, तसेच भारतीय नागरिकाशी विवाह करून येथे राहणाऱ्या पाकिस्तानी व बांगलादेशी स्त्रियांना तो मिळू शकतो. निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाचा असतो, चौकशी स्थानिक पोलिसांची.

पूर्वी हा व्हिसा थोड्या थोड्या मुदतीने वाढवून घ्यावा लागे. आता तो एका वेळी पाच वर्षांपर्यंत मिळतो. हा बदल कागदावर किरकोळ वाटेल, पण पोलिसांच्या विशेष शाखेत वर्षानुवर्षे खेटे घातलेल्यांना त्याची किंमत ठाऊक आहे. कारण या धाग्याला मध्ये खंड पडला, तर केवळ दंड भरून भागत नसे. २००३ च्या दुरुस्तीने 'बेकायदा स्थलांतरित' या संज्ञेत दोन प्रकारची माणसे घातली : कागदपत्रांविना आलेली आणि वैध कागदपत्रांवर येऊन मुदत संपल्यानंतरही राहिलेली. अशा व्यक्तीला नोंदणी व देशीयकरण हे दोन्ही दरवाजे बंद होतात. घरातील एखाद्या आजारपणात मुदतवाढीची तारीख टळली, एवढ्यावरून दहा वर्षांचे वास्तव्य हिशेबाबाहेर जाण्याची भीती असे. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या या समुदायांच्या लोकांना ही भीती राहू नये म्हणून केंद्राने ७ सप्टेंबर २०१५ रोजी पासपोर्ट व परकीय नागरिकविषयक नियमांतून सूट दिली.

काम करण्याच्या हक्काचा प्रश्नही या व्हिसालाच जोडलेला आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्र सरकारने सवलतींचा संच जाहीर केला. त्यानुसार या समुदायांतील एलटीव्हीधारकांना बँकेत खाते उघडणे, पॅन, आधार व वाहन परवाना घेणे, स्वयंरोजगार करणे, राहण्यासाठी घर आणि धंद्यासाठी जागा विकत घेणे आणि ज्या राज्यात राहतात त्या राज्यात मोकळेपणाने फिरणे शक्य झाले. नोंदणीचे तीन ते पंधरा हजार रुपयांच्या दरम्यान असलेले शुल्क शंभर रुपयांवर आले. त्यापूर्वी ही माणसे काम करीत नव्हती असे नव्हे. दुकान नातेवाइकाच्या नावावर, भाडेकरार मेहुण्याच्या नावावर, उधारी शब्दावर, अशा रीतीने व्यवहार चालत. संबंध बिघडले तर दाद मागायला कागद नसे.

सवलतींनंतरही मर्यादा राहिल्याच. उल्हासनगरला लग्नाला जाता येते, कारण ते महाराष्ट्रात आहे. नागपूरहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या रायपूरला जायचे तर राज्याची सीमा आडवी येते आणि परवानगीचा अर्ज करावा लागतो. मतदान करता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही, भारतीय पासपोर्ट नसल्याने शिक्षणासाठी वा कामासाठी परदेशाचा विचार करता येत नाही. डॉक्टरांची अडचण आणखी वेगळी होती. पाकिस्तानातील पदवीवर येथे व्यवसाय करण्याची सोय नव्हती. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या अशा डॉक्टरांकडून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कायम नोंदणीसाठी अर्ज मागविले ते ऑगस्ट २०२२ मध्ये.

फाइलीचा प्रवास

मुदत पूर्ण झाली की खरी प्रतीक्षा सुरू होते. नेहमीच्या मार्गाने अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. त्यांनी साठ दिवसांत तो राज्याकडे आणि राज्याने तीस दिवसांत केंद्राकडे पाठवावा, असे नियम सांगतात. प्रत्यक्षात गुप्तचर यंत्रणेचा आणि पोलिसांचा अहवाल येईपर्यंत फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हलत नाही. अर्जासोबत पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती, चारित्र्याची हमी देणाऱ्या भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे आणि देशीयकरण असेल तर भाषाज्ञानाचे दाखले लागतात. आठव्या अनुसूचीतील कोणतीही एक भाषा पुरेशी असते. सिंधीचा समावेश या अनुसूचीत १९६७ मध्ये झाला, ही बाब येथे कामी येते. नागरिकत्वासाठी अर्ज करीत असल्याची सूचना जिल्ह्यातील वृत्तपत्रांत द्यावी लागे, म्हणून नागपूरच्या दैनिकांच्या छोट्या जाहिरातींत अशा सूचना दिसत. वाचकांपैकी फार थोड्यांनी त्या थांबून वाचल्या असतील.

सर्वांत अवघड कागद परदेशाचा असतो. अर्जदाराने मूळ नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि तो नवी दिल्लीतील पाकिस्तान उच्चायुक्तालयातून आणावा लागतो. त्यासाठी पाकिस्तानी पासपोर्टची मुदत चालू असावी लागते. ती संपली असेल तर आधी नूतनीकरण. ज्या देशातून कायमचे निघून आलो, त्याच देशाचा पासपोर्ट पुन्हा पुन्हा पैसे मोजून नवा करीत राहायचे, असा हा प्रकार आहे. पाकिस्तानी कायद्यानुसार एकवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज स्वतःहून नागरिकत्व सोडता येत नाही, हा आणखी एक अडथळा. भारतात अठराव्या वर्षी सज्ञान ठरलेला तरुण तेथे अजून तीन वर्षे अल्पवयीन असतो.

मुलांची स्थिती म्हणूनच सर्वांत नाजूक आहे. भारतात जन्म झाला की नागरिकत्व मिळते, हा समज १ जुलै १९८७ पासून खरा राहिलेला नाही. त्या दिवसापासून आई किंवा वडील नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाचे दोन्ही पालक नागरिक हवेत, अथवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. म्हणजे नागपूरच्या रुग्णालयात जन्मलेले, महापालिकेचा जन्मदाखला असलेले, येथेच शाळेत गेलेले मूल दोन्ही पालक एलटीव्हीवर असतील तर परदेशीच राहते. पालकांना नागरिकत्व मिळाल्यावर अल्पवयीन मुलांची नोंदणी तुलनेने सोपी असते. मात्र पालकांची फाइल रखडली आणि तोवर मूल अठरा वर्षांचे झाले, तर त्याला स्वतंत्र अर्ज करून आपला वेगळा हिशेब मांडावा लागतो.

या रखडण्याला तोडगा म्हणून केंद्राने २३ डिसेंबर २०१६ रोजी सात राज्यांतील १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना या सहा समुदायांच्या अर्जांवर निर्णय घेण्याचे अधिकार दोन वर्षांसाठी दिले. महाराष्ट्रातील नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे हे चार जिल्हे त्यात होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये हा आदेश पुढील सूचनेपर्यंत वाढविण्यात आला. निर्णय दिल्लीहून सिव्हिल लाइन्समध्ये आला, असे त्याचे वर्णन करता येईल, आणि नागपूर जिल्हाधिकारी कार्यालयात तुकड्यातुकड्यांनी प्रमाणपत्रे दिली जाऊ लागली. जळगाव किंवा अमरावतीच्या सिंधी कुटुंबांचे अर्ज मात्र राज्याच्या गृह सचिवांकडेच जात राहिले. समाज तोच, कागदही तेच, फरक फक्त पत्त्याचा.

देशपातळीवरील चित्र सरकारनेच संसदेत मांडले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार गृह मंत्रालयाकडे नागरिकत्वाचे १०,६३५ अर्ज प्रलंबित होते आणि त्यांतील ७,३०६ पाकिस्तानी नागरिकांचे होते. २०१८ ते २०२१ या चार वर्षांत पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील अल्पसंख्याकांकडून ८,२४४ अर्ज आले. नागरिकत्व मिळाले ३,११७ जणांना.

नागपूरच्या अनेक मराठी घरांना प्रतीक्षेची दुसरी एक रांग परिचयाची आहे, ती अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार कार्डे आणि कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, यामुळे भारतीय अभियंते तेथे दशकाहून अधिक काळ अडकतात. एकविशी गाठलेली मुले पालकांच्या अर्जातून बाहेर पडतात, हेही दुःख सारखेच. पण त्या रांगेत प्रत्येकाला एक तारीख मिळते आणि रांग कोठवर सरकली, हे अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरमहा जाहीर करते. जरीपटक्यातील अर्जदाराला आपला क्रमांक कितवा, हे कळण्याची सोय नाही. 'चौकशी सुरू आहे' या उत्तरावर त्याला परतावे लागते.

२०१९ ची दुरुस्ती आणि तिची तारीख

नागरिकत्व दुरुस्ती कायद्याला १२ डिसेंबर २०१९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा समुदायांना बेकायदा स्थलांतरितांच्या व्याख्येतून वगळण्यात आले आणि देशीयकरणासाठी अकरा वर्षांऐवजी पाच वर्षांचे वास्तव्य पुरेसे ठरविण्यात आले. धर्म हा निकष केल्याबद्दल देशभर आंदोलने झाली आणि कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली : कायदा झाला, पण नियम नव्हते. मुदतवाढ घेत घेत ते ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झाले. तोपर्यंत चार वर्षे तीन महिने उलटले होते. ३१ डिसेंबर २०१४ ही अंतिम तारीख असल्याने सर्वांत शेवटी आलेल्या पात्र व्यक्तीचेही वास्तव्य तोवर नऊ वर्षांच्या पुढे गेले होते. पाच वर्षांच्या सवलतीचा मोठा भाग नियमांची वाट पाहण्यातच संपला.

नव्या मार्गाचे फायदे मात्र खरे आहेत. अर्ज ऑनलाइन करायचा असतो. छाननी व शपथ जिल्हास्तरीय समितीपुढे होते, जिचे प्रमुख टपाल खात्याचे अधीक्षक दर्जाचे अधिकारी असतात. निर्णय राज्यपातळीवरील अधिकारप्राप्त समितीचा, जिचे प्रमुख जनगणना संचालक असतात. मूळ देश सिद्ध करण्यासाठी मुदत संपलेला पासपोर्टही चालतो. शाळेचा दाखला, जमिनीचा कागद किंवा आई-वडील, आजी-आजोबा, पणजोबा यांपैकी कोणी तेथील नागरिक असल्याचा पुरावाही चालतो. नोंदणीच्या व्याख्येतून गळालेले आजोबा येथे असे परत आले. मूळ नागरिकत्व सोडल्याबाबत अर्जदाराची घोषणा पुरते, उच्चायुक्तालयाचा दाखला लागत नाही. नागरिकत्व भारतात प्रवेश केलेल्या दिवसापासून लागू मानले जाते. या नियमांनुसारची पहिली १४ प्रमाणपत्रे १५ मे २०२४ रोजी नवी दिल्लीत देण्यात आली. धार्मिक छळाच्या कारणावरून एलटीव्ही मिळालेल्यांची संख्या संसदेच्या संयुक्त समितीच्या २०१९ च्या अहवालात ३१,३१३ अशी नोंदविलेली होती, त्यांपैकी २५,४४७ हिंदू.

२०१४ नंतर आलेल्यांचे काय

पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिल २०२५ पासून रद्द करण्यात आले, तेव्हा दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले गेले. एलटीव्ही हाती असलेले कुटुंब आणि ज्याचा एलटीव्हीचा अर्ज अजून निर्णयाविना पडला होता असे शेजारचे कुटुंब, यांच्यातील अंतर त्या आठवड्यात सर्वांना दिसले. सीमाच बंद झाल्यावर परत जा म्हणणे सोपे आणि जाणे अवघड होते.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा स्थलांतर व परकीय नागरिक कायदा लागू झाला. त्याखालील आदेशाने या सहा समुदायांपैकी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट मिळाली. ही बातमी आली तेव्हा नागरिकत्वाची मुदतच दहा वर्षांनी पुढे सरकली, असा अनेकांचा समज झाला. तो चुकीचा आहे. सूट वास्तव्यापुरती आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार नागरिकत्व मागण्याची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०१४ हीच राहिली.

जानेवारी २०१५ मध्ये आलेल्या ज्या व्यक्तीचे आई-वडील फाळणीनंतर जन्मलेले आहेत, तिच्यासाठी जुनाच मार्ग उरतो आणि तिची बारा वर्षे जानेवारी २०२७ मध्ये पूर्ण होतील. तोपर्यंत एलटीव्हीची प्रत्येक मुदतवाढ वेळेवर झालेली असावी, पासपोर्ट चालू ठेवावा आणि अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत देशाबाहेर जाऊ नये. विशेष कारण असल्यास त्या बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीस दिवसांची गैरहजेरी क्षम्य ठरविण्याचा अधिकार २०१५ च्या दुरुस्तीने केंद्राला दिला आहे. आधीच्या काळातील गैरहजेरी एकूण अकरा वर्षांतून वजा होते, म्हणून पूर्वीच्या प्रवासाच्या नोंदी असलेले जुने पासपोर्ट आणि नोंदणीच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात.